आमच्या गावी या, असं लिहिताना

त्या हिवाळ्याची आठवण आली की मला आधी माणसं दिसत नाहीत, मोबाइलचा पांढरा पडदा दिसतो. दुपारची वेळ. दवाखान्याच्या ओसरीवरचा बाक. रस्त्यापलीकडे फुटलेला कापूस, आणि हातातल्या पडद्यावर तसंच पांढरं, रिकामं पान. त्या पानावर मला पत्र लिहायचं होतं. कुणाला, ते ठाऊक नव्हतं. कुठल्या तरी शहरात, हॉस्टेलच्या खाटेवर पाय लोंबकळत बसलेली एखादी नर्स ते वाचेल आणि आपली बॅग भरून आमच्या गावाकडे निघेल, असं ते पत्र व्हायला हवं होतं. ऊन अंगावर चढायचं, डोळे जड व्हायचे, आणि शेत कुठे संपतं न् पान कुठे सुरू होतं ते मला कळेनासं व्हायचं.

आमचं गाव मुकुटबनच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत. दवाखाना बारा खाटांचा. मी डॉक्टर नाही. दहावी नापास आहे आणि ते सांगायला मला कधी लाज वाटली नाही. तरुणपणी बैलबाजारात दलाली केली, त्यावर मेडिकलचं दुकान टाकलं, दुकानावर हा दवाखाना उभा केला, आणि यवतमाळच्या एका डॉक्टरबाईंना पटवून इथे आणलं. त्यांना पटवायला मला सात महिने लागले. हा माणूस दगडाशीही घासाघीस करील, असं लोक माझ्याबद्दल म्हणत. मी ते कौतुक म्हणूनच घेत आलो.

दवाखान्यातली सगळ्यात आतली खोली बाळंतपणाची. ती माझ्यासाठी काय होती ते एकदाच सांगतो. आमचं पहिलं मूल वणीच्या वाटेवर जीपमध्ये गेलं. नाल्याला पूर होता, जीप अलीकडेच थांबून राहिली, आणि माझी बायको मागच्या सीटवरून माझ्याकडे न बघता बाहेरच्या पाण्याकडे बघत राहिली. पुढे आम्हाला दोन मुलं झाली, ती मोठी झाली, आपापल्या वाटेला लागली. पण ती खोली बांधताना मी गवंड्याला एक भिंत दोनदा पाडायला लावली. खिडकीतून उजेड हवा तसा पडत नव्हता.

त्या खोलीचा सगळा भार एका सिस्टरवर होता. ती आठ वर्षं आमच्याकडे होती. आली तेव्हा तिचे हात थरथरायचे. गेली तेव्हा बाईच्या नुसत्या श्वासावरून किती वेळ लागेल ते सांगायची. आणि गेली कशी, तर एका सकाळी ड्युटीच्या रजिस्टरवर एक ओळ लिहून. ‘उद्यापासून येणार नाही.’ आठ वर्षांना एक ओळ. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात लागल्याचं नंतर कानावर आलं. तेव्हापासून माझ्या मनात एक तक्रार आहे आणि ती खोटी नाही. खेड्यातले दवाखाने पोरींना तयार करतात, त्यांचा हात बसवतात, नजर तयार करतात, आणि मग शहर येतं आणि तयार माणूस उचलून नेतं. शहराला त्यासाठी कुणी जाब विचारत नाही.

ती गेल्यावर दुसरी सिस्टर लग्न होऊन गेली. उरल्या गावातल्याच दोन मदतनीस बाया, मनाने चांगल्या, पण शिकलेल्या नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी डॉक्टरबाई हात पुसत ओसरीवर आल्या.

“काका, होळीपर्यंत मला दोन शिकलेल्या नर्स हव्यात. नाही मिळाल्या तर मी बाळंतपणाची खोली बंद करते. ताप-खोकला बघीन, पण ते नाही.”

“मॅडम, इतके दिवस चाललंच ना?”

“चाललं नाही, निभावलं. एखादीचं रक्त थांबलं नाही तर? मला दोनच हात आहेत.”

“होळी लय जवळ येते, मॅडम. पाडवा म्हणा.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “बाईच्या जिवातही भाव करता तुम्ही?”

मी होळीवर मान हलवली. पण मनात पाडव्याचाच विचार होता, हे कबूल करतो.

डॉक्टरबाईंनीच मला एक लांबलचक यादी दिली. नर्सिंग कॉलेजांतून, नोकरीच्या साइटवरून जमवलेले ई-मेलचे पत्ते. त्यांत नावं थोडी आणि आकडे, टिंबं जास्त. मी ती यादी वाचत बसायचो. वाचता वाचता प्रत्येक पत्त्यामागे एक चेहरा तयार व्हायचा. कुणी केस विंचरतेय, कुणी ड्युटीवरून येऊन पाय धुतेय. त्यांच्यातली एकही मला ओळखत नव्हती, आणि मी मात्र त्या सगळ्यांची वाट बघत होतो.

पत्र लिहायची वेळ आली तेव्हा मला एकच विद्या येत होती, ती बैलबाजाराची. ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, हातावर दुपट्टा टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. सकाळची धूळ, घंटांचा आवाज, हजार माणसांची गर्दी, आणि तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा एका फडक्याखाली, अंधारात, मुकाट्याने होतो. चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. आणि बोटं धरण्याआधी बैलाच्या खोडी काढायच्या. दात झिजले, मागचा पाय ओढतो, डोळा पांढरा आहे. आवडलेल्या बैलाच्या खोडी तर जास्तच काढायच्या. पंधराव्या वर्षापासून माझी बोटं हेच शिकली होती, आणि मोबाइलवर टाइप करणारं बोट त्यांच्यातलंच एक होतं.

पहिला मेल असा होता: ‘ग्रामीण भागातील दवाखान्यासाठी अनुभवी नर्स पाहिजेत. पगार योग्यतेनुसार, प्रत्यक्ष भेटीत ठरेल. तीन वर्षांचा करार राहील. ओरिजनल कागदपत्रं जमा करावी लागतील. कामचुकारांनी तसदी घेऊ नये.’

शेवटच्या वाक्यावर मी खूश होतो. भाव झाकलेला होता, आणि खोड आधीच काढून ठेवली होती.

ओरिजनल कागदांचंही सांगायला हवं. नर्स कामाला लागली की तिचं पासिंगचं सर्टिफिकेट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळे मूळ कागद मी माझ्या लोखंडी कपाटात ठेवायचो. म्हणजे ती मधेच पळणार नाही. सौदा ठरला की इसार द्यायचा असतो, तसाच हा इसार आहे, असं मी मानत होतो. आजूबाजूचे चार दवाखानेवालेही तेच करत. त्यात काही चुकतंय असं कुणी मला म्हटलं नव्हतं, किंवा म्हटलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

उत्तर आलं नाही. दुपारमागून दुपारी मी पडदा उघडायचो, आत काही नसायचं. कापूस वेचून झाला, शेतं करडी झाली, तुरीच्या शेंगा भरल्या. एक फोन मात्र आला, अमरावतीकडच्या नर्सचा. तिने आधी पगार विचारला. मी तो सांगितला नाही. तिलाच उलट विचारलं, मधली दोन वर्षं घरी काहून होती? ती म्हणाली, बाळ झालं होतं. मी म्हटलं, म्हणजे हाताची सवय गेली असेल. मग विचारलं, चष्मा आहे का. मग विचारलं, आधीची नोकरी कायले सोडली.

ती म्हणाली, “काका, तुम्हाले नर्स पाहिजे का नर्समधल्या खोडी पाहिजेत?”

“विचारा लागते, बाई.”

“मग विचारा. पण मलेही एक विचारू द्या. तुमच्याकडची आधीची सिस्टर काहून गेली?”

मी फोन ठेवून दिला. ठेवताना काहीतरी वाईट बोललो. ते तिला ऐकू गेलं की नाही, मला ठाऊक नाही.

दुसरा मेल लिहिला तेव्हा मी उलट्या टोकाला गेलो. आता बैल विकायचा होता ना, मग शिंगं रंगवायला काय हरकत. ‘पैनगंगेच्या काठावर, निसर्गाच्या कुशीत, घरगुती वातावरण, राहायला स्वतंत्र क्वार्टर.’ हा मेल लिहिताना मला खरंच गुंगी आली होती. लिहिता लिहिता माझंच गाव माझ्या डोळ्यांसमोर तरंगायला लागलं. नदीवर धुकं, काठावर पांढऱ्या कपड्यातल्या पोरी, हातात पितळी डबे. मला तो मेल इतका आवडला की पाठवल्यावरही मी तो दोनदा वाचला.

त्यावर तीन उत्तरं आली आणि जानेवारीत एक पोरगी खरंच आली. सकाळच्या एसटीतून बॅग घेऊन उतरली, खांद्यावर स्वेटर, केसांत प्रवासाची धूळ. मी स्वतः तिला खोली दाखवायला नेलं.

ती दारात उभी राहिली. आत औषधांची खोकी होती, आणि खोक्यांच्या मधोमध मी एक खाट टाकली होती.

“काका, क्वार्टर?”

“हेच.”

“हे तर मेडिकलचं गोडाऊन आहे.”

“खोके उचलू ना आपण. तू ये तर सही.”

“आणि नदी?”

“आहे ना. तिकडं.” मी हात केला. “सात-आठ किलोमीटर.”

ती हसली नाही. दाराला आतून कडी नाही, हे तिने हात फिरवून पाहिलं. बाथरूम कुठे आहे ते विचारलं. ते दवाखान्याच्या मागे होतं, पेशंटच्या नातेवाइकांचं. मग तिने बॅग उचलली आणि थांब्यावर जाऊन बसली. परतीची एसटी यायला तास होता. मी चहा घेऊन गेलो. तिने तो घेतला, दोन्ही हातांनी कप धरून प्यायली, आणि कप परत दिला. त्या शांतपणाने माझं डोकं फिरलं. एसटी आली तेव्हा मी भर रस्त्यात ओरडलो, “जा! नागपूरच्याच लायकीच्या तुम्ही साऱ्या!”

पायरीवर चढता चढता ती वळली. “मी वर्ध्याची आहे, काका.”

एसटी गेली. थांब्यावरचे दोन म्हातारे माझ्याकडे न बघता बिडी ओढत राहिले. ते माझ्याकडेच बघत होते, हे मला कळत होतं.

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, “तुम्ही त्या पोरींले बलावून राह्यले का हाकलून राह्यले?”

“तुले काय समजते त्यातलं?”

“मले काय समजन? मी शिकली नाही.” तिने ताटात भाकरी टाकली. “पण जिनं आठ वर्षं काढले तिले विचाराले कोणी मना केलं? ते तर शिकली होती ना.”

मी ताटावरून उठलो. असं मी आयुष्यात फार वेळा उठलो आहे, आणि दर वेळी थोड्या वेळाने भूक लागली आहे.

पुढचे दहा-बारा दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. दुपारी बाळंतपणाच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसायचो. डॉक्टरबाईंनी तिथे दिवस भरलेल्या बाया घेणं कमी केलं होतं, त्यांना आधीच वणीला पाठवत होत्या. टेबलावर हिरवी चादर घडी घालून ठेवलेली असायची. खिडकीतून उजेडाचा चौकोन जमिनीवर पडायचा आणि हळूहळू भिंतीकडे सरकायचा. एकदा मला तिथेच स्टुलावर झोप लागली. स्वप्न म्हणता येणार नाही, अर्धवट जागाच होतो. रस्त्याने एसटी गाड्या चालल्या होत्या, एकामागून एक, आणि प्रत्येक खिडकीत एक नर्स बसलेली होती. पांढऱ्या ओढण्या बाहेर फडफडत होत्या. कुणीच उतरत नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, माझ्या हातावर दुपट्टा होता, आणि त्याखालची माझी बोटं हलत होती, आकडे सांगत होती. पण समोर धरायला कुणाचा हातच नव्हता.

जागा झालो तेव्हा चौकोन भिंतीवर चढला होता. मी मोबाइल काढला आणि आठ वर्षांच्या सिस्टरला मेल लिहायला लागलो.

पहिल्यांदा जे लिहिलं ते शिव्याच होत्या, फक्त नीट भाषेतल्या. तुला घडवलं कोणी, तुझे हात बसवले कोणी. ते सगळं मी पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी एवढंच उरलं: ‘सिस्टर, बाळंतपणाची खोली होळीला बंद होणार आहे. नर्स मिळत नाही. नर्सला पत्रात काय लिहावं, तेवढं सांग.’

तीन दिवसांनी उत्तर आलं. मी ते ओसरीवर उभ्यानेच वाचलं.

तिने लिहिलं होतं की नर्स मेल उघडते तेव्हा आधी पगाराचा आकडा शोधते. तो नसला की बंद करते. मग ती बघते की राहायचं कुठे, आणि दार आतून लागतं का. संडास कुणाबरोबर वापरायचा. एका ड्युटीला किती नर्स. डॉक्टर रात्री फोन उचलतात का. पेशंटचा नातेवाईक दारू पिऊन आला तर पुढे कोण उभं राहतं. घरी जायला एसटी कोणती आणि महिन्यातून किती वेळा जाता येईल. ‘हे सगळं लिहा,’ तिने लिहिलं होतं, ‘आणि जे वाईट आहे तेही लिहा. वाईट आम्हाला आल्यावर दिसतंच. आधी वाचलं असलं तर आम्ही तयारीने येतो.’

आणि सगळ्यात खाली: ‘मी का गेले ते तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. सरकारी भरतीत माझं नाव लागलं होतं. कागदतपासणीला ओरिजनल न्यायचे होते. मी तुम्हाला म्हटलं, चार दिवसांसाठी माझे कागद द्या. तुम्ही म्हणालात, करार संपू दे. तपासणीची तारीख गेली. करार संपून कागद हातात आल्यावर मी थांबले नाही.’

मला तो दिवस आठवला. तिने दोनदा मागितले होते. कशासाठी, ते तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मला वाटलं, दुसरीकडे बोलणी चालली आहेत, म्हणून मी मूठ आवळली. सांगितलं असतं तर दिले असते, असं मी तेव्हा स्वतःशी म्हटलं. आज तशी खात्री देत नाही. सांगितलं असतं तर बहुधा मी जास्तच आवळली असती. माझा राग मात्र तेवढ्याने गेला नाही. तो कुणावर धरायचा, एवढंच कळेनासं झालं.

कपाटात अजून दोघींचे कागद होते. एक ती लग्न होऊन गेलेली, आणि एक त्याही आधी गेलेली, जिने ते कधी मागितलेच नव्हते. बहुधा कंटाळून नवे काढून घेतले असावेत. मी दोन्ही पाकिटं रजिस्टर टपालाने पाठवली. वणीच्या पोस्टात पावती घेताना मी ती दोनदा वाचली, जसं काही मी काहीतरी विकून टाकत होतो.

मग गोडाऊनमधली खोकी हलवली. मिस्त्री आणून दाराला आतून कडी बसवली, मागे वेगळं बाथरूम काढलं. डॉक्टरबाई येता-जाता बघत होत्या. आणि मी तिसरा मेल लिहिला. तो लिहायला चार दुपारी लागल्या. सावरीच्या झाडाला लाल फुलं आली होती, ती टपटप ओसरीसमोर पडत होती, आणि मी एकेका वाक्यावर थांबत होतो. खरं लिहिणं मला अवघड गेलं. प्रत्येक खऱ्या वाक्याला वाटायचं, आपण हातावरचं फडकं काढून उघड्यावर उभे आहोत.

पहिल्या ओळीत आकडा लिहिला, दुसरीत खोलीचं. मग हे:

‘गाव लहान आहे. नदी लांब आहे. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, टाकी आहे. सिमेंट आणि कोळशाच्या गाड्यांमुळे कपडे वाळत घातले की धूळ बसते. वणीची एसटी सकाळी आणि दुपारी आहे, संध्याकाळी भरवसा नाही. बऱ्याच बाया कोलामी बोलतात, समजून घ्यायला वेळ लागतो, पण त्या जीव लावतात. डॉक्टरबाई फोन उचलतात. दारू पिऊन कुणी आलं तर मी पुढे येतो, माझा आवाज मोठा आहे. तुमचे ओरिजनल कागद आम्ही बघू आणि तुमच्या समोरच तुमच्या हातात परत देऊ. आधी असं नव्हतं. आठ वर्षं इथे काम करून गेलेल्या सिस्टरचा नंबर खाली आहे. येण्याआधी त्यांना विचारा.’

नंबर टाकण्याआधी मी तिला फोन केला. दोन वर्षांनी आवाज ऐकला. कसे आहात, असं कुणीच कुणाला विचारलं नाही.

“तुझा नंबर दिला तर चालन का?”

“द्या. पण काका, मी खरं सांगीन.”

“काय सांगशील?”

“जे आहे ते.”

“म्हणजे काय, ते तर सांग.”

“त्या पोरींना सांगीन. तुम्हाला कशाला?”

मी तो मेल डोळे मिटून पाठवला.

या वेळी उत्तरं आली. फार नाही, पण आली, आणि त्यांत प्रश्न होते. मी प्रत्येकीला उत्तर दिलं, एका बोटाने, बाकावर बसून. काहींनी नको म्हटलं आणि का नको तेही लिहिलं. आणि होळीच्या आठ दिवस आधी एक पोरगी आली. ती आमच्याच तालुक्यातली, एका कोलाम पोडावरची, म्हणजे डोंगराकडच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीतली. शिकायला यवतमाळला गेली, मग नागपूरला नोकरी करत होती. आईजवळ यायचं होतं, पण इकडच्या दवाखान्यांबद्दल ऐकलेलं सगळं वाईट होतं. तिने मोबाइल काढून मेल माझ्यासमोर धरला आणि एकेक ओळ बोटाने दाखवत विचारलं. हे आहे? हे आहे? बाथरूमही उघडून पाहिलं. शेवटी कागद काढले, मी पाहिले, परत दिले. तिने ते बॅगेत ठेवले आणि चेन ओढली.

“सिस्टरले फोन केलता का?” मी विचारलं.

“केलता ना.”

“काय म्हने?”

“म्हने, जा. मॅडम चांगल्या आहे. पण कागद देऊ नको.”

मी बाहेर पाहिलं. रस्त्याकडेच्या फुललेल्या पळसाचा रंग डोळ्यांत खुपत होता, असं म्हणू.

होळीच्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंनी विचारलं, “दुसरी?”

तोंडात वाक्य तयार होतं. निघाली आहे, मॅडम, वाटेत आहे. अशी वाक्यं मी जन्मभर बोललो. “एकच आली,” मी म्हटलं.

त्या खुर्चीत बसल्या. “मग कठीण आहे, काका. एकीवर चोवीस तास टाकले तर महिन्यात तीही जाईल.”

पोडावरची पोरगी दारात उभी होती. “मॅडम, मी लिहू का? माझ्या बॅचची एक आहे. नागपूरले. तिचा तुमच्यावाल्या मेलवर विश्वास नाही बसला.”

“लिही. चार दिवस थांबते मी.”

पोरीने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. मी चार दुपारी लावल्या, तिने चहा निवायच्या आत संपवलं. मी विचारलं, काय लिहिलं. तिने दाखवलं.

‘मी आली. खोली खरंच आहे. कडी लागते. मॅडम फोन उचलते. काका रागीट आहे पण ऐकते. लवकर ये, नाहीतर लेबर रूम बंद होते.’

“रागीट काढून टाक,” मी म्हटलं.

“मेसेज गेला, काका.”

“कधी?”

“आत्ताच.”

डॉक्टरबाई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. माझ्या कानशिलापर्यंत राग आला, तिथे थोडा थांबला, आणि मला त्याचं काय करायचं ते कळेना. आत जाऊन पाणी प्यायलो.

तिच्या मैत्रिणीचं ‘येते’ असं उत्तर आलं होतं, म्हणून धुळवडीनंतर दोन दिवसांनी दुपारच्या एसटीला मी थांब्यावर उभा होतो. त्या दिवशी सकाळपासूनच पोडावरची एक बाई आत होती. तिला वणीला न्यायला तिच्या घरच्यांनी जीप बोलावली होती आणि डॉक्टरबाईंनी ती परत पाठवली होती. रस्ता उन्हाने हलत होता. लांबून एसटी दिसायला लागली तेव्हा ती रस्त्यापासून जराशी वर तरंगत आहे असं वाटलं, आणि क्षणभर मला भीती वाटली की तीही न थांबता निघून जाईल. थांबली. एक ठेंगणी पोरगी उतरली, गालाला अजून थोडा हिरवा रंग लागलेला.

तिने इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “रागीट काका तुम्हीच का?”

“हो.”

मी बॅगेसाठी हात पुढे केला. तिने बॅग दिली नाही.

“आधी सांगा, खोली बंद तं नाही ना झाली?”

“नाही,” मी म्हटलं. “एक बाई सकाळपासून कळा देऊन राह्यली. तुझी मैत्रीण एकटी आहे मॅडमसंग.”

मग तिने बॅग माझ्या हातात दिली, ओढणी कमरेला खोचली आणि दवाखाना कोणत्या बाजूला आहे हे न विचारता, मी ज्या बाजूने आलो होतो त्या बाजूला पळत सुटली. मला तिच्या मागे चालताना धाप लागली.